चौथ्या पायरीची सूट

वसईच्या पश्चिम पट्ट्यात नुसतं आडनाव सांगून कुणाचं घर सापडत नाही. निर्मळपासून आगाशीपर्यंत कुठल्याही नाक्यावर उभं राहून ‘लोपीस कुठे राहतात?’ असं विचारलं तर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘कुठले लोपीस? कुठल्या आळीतले?’ आळी सांगितली की घराचं नाव विचारतो. घराचं नाव म्हणजे गेटवर संगमरवरात कोरलेलं नव्हे. विहिरीवरचे, चिंचेखालचे, नाहीतर कुणा पणजोबाच्या टोपणनावावरून पडलेलं, चारचौघांत सांगायला जरा अवघड असलेलं. तिथवर पोचलात की मग बोट दाखवलं जातं. डिसोजा, परेरा, रॉड्रिग्ज, घोन्सालविस, डिमेलो, तुस्कानो, सगळ्यांचं हेच. जुन्या पोस्टमनला हे पाठ असायचं. कुरियरची पोरं मात्र वाडीच्या तोंडाशी गाडी लावून फोन करत बसतात.

मी लोपीसांची मुलगी. लग्नानंतर आडनाव बदललं, आणि माहेरचं आडनाव आलं कुठून हा प्रश्न ते कागदोपत्री सुटल्यावरच पडला. शाळेत इतिहासाच्या तासाला चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला की वर्गाबरोबर मीही खूश व्हायचे, आणि पुढच्या तासाला हजेरीत पोर्तुगीज आडनाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचे. या दोन्हींत काही न जुळणारं आहे असं तेव्हा वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही.

आडनावांचं ठोकळ उत्तर आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन पाद्री आले, जेझुइट आले, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याला जो धर्मपिता म्हणून उभा राहिला त्याचं आडनाव नव्या ख्रिस्ती माणसाला मिळालं, कधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं. गोव्यात तर कोन्स्तांतिनु द ब्रागांझा हा व्हाइसरॉय, म्हणजे १५५८ ते १५६१ या काळात, सामुदायिक बाप्तिस्म्यांना जातीने हजर राहायचा. मोठ्या माणसाचं नाव लागणं ही तेव्हा कमाईच होती. पोर्तुगीज रीतीने लोपीस म्हणजे लोपोचा मुलगा, रॉड्रिग्ज रोद्रिगोचा, फर्नांडिस फर्नांदोचा. आमच्या घराण्यात लोपो नावाचा कुणी झालेला नाही. कुणा शिपायाचा, कारकुनाचा, नाहीतर गाव खंडाने घेतलेल्या कुणा सरदाराचा पूर्वज पोर्तुगालच्या एखाद्या खेड्यात लोपो असेल, आणि त्याची आठवण आमच्या रेशनकार्डावर आहे. म्हणजे आडनावाचा माग काढत गेलं तर तो अटलांटिकच्या काठी जाऊन थांबणार. आम्ही तर इथलेच, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांतले.

तरी चर्चच्या नोंदींच्या वह्या पाहायच्या होत्या. धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, कार्यालयात त्या लोखंडी कपाटात असतात आणि बहुतेकांचा त्यांच्याशी संबंध एका दाखल्यापुरता येतो. लग्न ठरलं, बाळाचं शाळेत नाव घालायचं आहे, जातीच्या दाखल्यासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा हवा आहे, की क्लार्क वर्ष विचारतो, पान काढतो, उतारा लिहून शिक्का मारतो. मी कुठलंच वर्ष न सांगता ‘जेवढं मागे जाता येईल तेवढं’ म्हटल्यावर फादरांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘पासपोर्ट काढताय का?’ गोवा, दमण आणि दीवमध्ये १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या वारसांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं आणि तिकडच्या चर्चमध्ये जुन्या बाप्तिस्म्यांच्या उताऱ्यांसाठी लोक खेटे घालतात, हे ऐकून होते. आमची वसई त्यांच्या हातून १७३९ च्या मे महिन्यातच गेली. त्या रांगेत उभं राहायला आम्हाला सव्वादोनशे वर्षं उशीर झाला आहे, असं मी म्हटलं तेव्हा फादर हसले आणि त्यांनी स्वतः किल्ली लावली.

१७३९ पूर्वीची एकही वही आमच्या चर्चमध्ये नाही. युद्ध संपलं, युरोपातले धर्मगुरू गेले, कितीतरी चर्च ओस पडली, आणि पुढे पेशवाईत गोव्याहून आलेले एतद्देशीय पाद्री इथल्या ख्रिस्ती वस्तीला धरून राहिले. काही घरं प्रायश्चित्त घेऊन परत हिंदू झाली, बाकीची राहिली. आमच्याकडे सलग नोंदी मिळतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या. कपाटातून वह्या बाहेर येतात त्या उलट्या क्रमाने, आणि भाषा बदलते तशी राजवट बदललेली दिसते. वरच्या वह्या इंग्रजी, छापील रकान्यांच्या. त्यांच्याखाली लॅटिन. तळाशी पोर्तुगीज, रकाने नाहीत, प्रत्येक बाप्तिस्म्याचा एक लांबलचक परिच्छेद. आमचे चर्च आधी गोव्याच्या आर्चबिशपांखाली होते. १८८६ मध्ये दमणचं धर्मप्रांत झालं तेव्हा तिकडे गेले, १९२८ मध्ये मुंबईला जोडले गेले आणि १९९८ मध्ये वसईचं स्वतंत्र धर्मप्रांत झालं. गावं जागची हलली नाहीत, वरिष्ठांचा पत्ता तेवढा बदलत राहिला. याचा त्रास संशोधकाला होतो. एकाच घराण्याचे कागद चार शहरांत विखुरतात, आणि त्यातलं कुठलं कुठे थांबलं हे त्या त्या वर्षी आपण कुणाचे होतो यावर ठरतं.

जुनी शाई लोहाची. ती कागद खाते. ज्या पाद्र्याने दाट शाईत, टाक दाबून, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं त्याची अक्षरं आज जागोजाग आरपार पडली आहेत, आणि ज्याने पाणी घातलेल्या शाईत खरडलं त्याचं सगळं शाबूत आहे. बाकीचं काम कसरीने आणि आमच्या पावसाळ्याने केलेलं. फादरांनी पान उलटायला लाकडी पट्टी दिली, बोट लावायचं नाही म्हणाले.

वाचता येण्यासाठी पोर्तुगीज यावी लागत नाही. परिच्छेदाचा साचा ठरलेला असतो. अमुक दिवशी, अमुक महिन्यात, या चर्चमध्ये मी अमुकला विधिपूर्वक बाप्तिस्मा दिला, अमुक आणि अमुक यांचा औरस पुत्र, राहणार अमुक गाव, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक, सही. दहा परिच्छेद वाचले की अकरावा आपोआप वाचता येतो. अडतं ते लघुरूपांशी. सातचा आकडा काढून पुढे ‘ब्रो’ लिहिलेलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. जुन्या रोमन पंचांगात सप्टेंबर सातवा. आठला ‘ब्रो’ लावला की ऑक्टोबर, आणि रोमन दहाला लावला की डिसेंबर. रॉड्रिग्ज चार अक्षरांत ‘रोइज’ होऊन बसतो, फर्नांडिस आणि घोन्सालविस यांची तर नुसती व्यंजनं उरतात. माझ्या माणसांना लघुरूप नव्हतं, पण शेवटचं अक्षर एका पाद्र्याला एस वाटायचं, दुसऱ्याला झेड. इंग्रजी अमदानीत एका क्लार्कने कानाला ऐकू आलं तसं ‘लोपीस’ लिहून टाकलं, आणि मला वाटतं सगळ्यांत बरोबर तोच होता.

नावांचा गोंधळ आणखी निराळा. वहीत सेबास्तियांव, घरी बस्त्याव. वहीत दोमिंगोस, घरी दुमिंग. इनासियो तो इनास, जुझे तो जुजे. ज्या आजोबांना आयुष्यभर गाव एका नावाने ओळखत होतं त्यांचं वहीतलं नाव मुलांनाही थडग्यावरच्या दगडामुळे कळायचं. त्यात संतांच्या सणावरून नाव ठेवायची पद्धत, म्हणजे जूनच्या मध्यावर जन्मलेले सगळे अंतोन आणि डिसेंबरच्या सुरुवातीचे सगळे झेवियर. एकाच आळीत एकाच वेळी तीन अंतोन लोपीस जिवंत असू शकतात. होतेही. त्यांना वेगळं करता येतं ते बायकोच्या नावावरून.

या वह्यांत आई असते, ही मला सगळ्यांत मोठी गोष्ट वाटली. वाड्यांच्या सातबारावर, घरपट्टीच्या पावतीवर, जुन्या खंडाच्या कागदांवर आमच्या घरातली एकही बाई नाही. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीत आहे. आडनाव पुष्कळदा नसतं. बाईला मारिया द कोन्सेसांव किंवा आना द क्रूज असं भक्तीचं नाव लागतं, माहेर कळत नाही. पण ती असते, दर दोन वर्षांनी असते, आणि मग एका नोंदीनंतर दिसेनाशी होते. तेव्हा मृत्यूची वही उघडायची. तिथे त्याच आठवड्यात ती सापडली की पुढचं वाचावंसं वाटत नाही. काही नोंदी अशाही आहेत की आईबापांच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलंय आणि मुलाला आडनाव म्हणून सणाचं नाव जोडून दिलंय. त्या मुलांना धर्ममाता मिळालेली दिसते. आमच्या वहीत एकच बाई बऱ्याच अशा मुलांची धर्ममाता आहे. तिच्याविषयी मला आडनावापेक्षा जास्त कुतूहल आहे, पण वही तेवढंच सांगते.

मृत्यूच्या वहीत १८९६ नंतर प्लेग येतो. ऑक्टोबर १९१८ ची, इन्फ्लुएन्झाच्या साथीतली पानं पाहिली तर तो पाद्री वाक्यं लिहायचं सोडून देतो. नाव, वय, नाव, वय. अक्षर खाली घसरत जातं. नंतर काही पानं दुसऱ्याच हाताने लिहिलेली आहेत.

मी हे सगळं ‘लोपीस’ शोधत वाचत होते आणि लोपीस काही पुढे सरकत नव्हते. पणजोबा सापडले, त्यांचे वडील सापडले, त्यांच्याही वडिलांचं नाव आलं. तिथून मागे वह्या नाहीत. आडनाव पहिल्या नोंदीतही लोपीस आणि शेवटच्या नोंदीतही लोपीस. मिळालं कसं, कुणाकडून, शून्य.

मग एका दुपारी फादरांनी सहज विचारलं, ‘या वह्या ठेवायला लागले कशासाठी, ठाऊक आहे?’ मला वाटत होतं जनगणनेसारखं काही असणार. तसं नव्हतं. नोंदी तुरळक आधीपासून ठेवल्या जायच्या, पण प्रत्येक धर्मगुरूवर त्यांची सक्ती झाली ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, १५६३ साली, आणि ती लग्नाविषयीच्या ठरावांतून झाली. धर्मपिता आणि धर्ममाता यांचं मुलाशी आणि मुलाच्या आईबापांशी आध्यात्मिक नातं जडतं, आणि त्या नात्यात लग्न चालत नाही. कोण कुणाचा धर्मपिता हे विसरलं जाऊ नये, म्हणून त्यांची नावं वहीत लिहा, असा तो हुकूम. १५६७ मध्ये गोव्यात प्रांतीय धर्मपरिषद भरली आणि ट्रेंटचे ठराव इकडे आले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि घरोघरची माणसं अशा पाच वह्या सांगितल्या. १९०८ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात त्या माणसाचं लग्न कुठे, कुणाशी झालं तेही लिहावं लागतं, म्हणून त्यापुढच्या पानांचे समास भरगच्च आहेत. म्हणजे मुळात या वह्या वंशावळीसाठी नव्हत्या आणि आडनावासाठी तर नव्हत्याच. कुणाचं कुणाशी लग्न होऊ शकत नाही, एवढं कळावं म्हणून त्या होत्या. आमच्या सामवेदी ख्रिस्ती लोकांना कुपारी म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून, बाळाचा बाप आणि धर्मपिता यांच्यातल्या नात्यावरून आला असं सांगतात. खरं असेल तर वहीचा सगळ्यांत महत्त्वाचा रकाना आमच्या जमातीचं नाव होऊन बसला आहे.

माझा एक वर्गमित्र सामवेदी ब्राह्मण. घरी आम्ही दोघंही कादोडी ही एकच बोली बोलतो, त्याची आजी आणि माझी आजी एकाच बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावर वाडी शिंपायच्या. त्याच्या घराण्याची नामावळी त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहे. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बाड सोडतात आणि कोण कधी येऊन गेला, मुलं किती, कुणाचं श्राद्ध केलं ते वाचून दाखवतात, खाली आपली सही करायची. मला जरा हेवा वाटला. त्याने पानांचे फोटो दाखवले तेव्हा कमी झाला. तिथे आडनाव पक्कं आहे, पिढ्या सलग आहेत, पण त्याच्या पणजीचं माहेर कुठेच नाही. आणि तीर्थयात्रेला जाण्याइतके पैसे ज्या पिढीकडे नव्हते ती पिढी पुढच्याच्या तोंडून आलेली, एका नावापुरती.

आता परेऱ्यांविषयी सांगायला हवं. आमच्या आळीच्या खाली, बावखलापलीकडे परेऱ्यांची घरं आहेत. आमच्यात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. भांडण नाही, उलट गणगोतासारखं येणंजाणं, पण मुलगी द्यायचीही नाही आणि करायचीही नाही. का, तर ‘ते आपले भाऊबंद.’ आडनाव वेगळं, आळी वेगळी, कुठला भाऊ आणि कसला बंद ते कुणाला सांगता येत नाही. माझी आत्या तर यावर चर्चाच होऊ देत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने नेमकी त्यांच्यातलीच मुलगी पसंत केली. दोघं वसई रोडहून एकाच लोकलने कामाला जातात, त्यामुळे यात नवल ते काय. भाचा म्हणाला, आडनावं बघा, संबंध काय? आत्या म्हणाली, आडनावाचं मला सांगू नको.

विवाहाच्या वहीत १८५६ सालची एक नोंद आहे. नवरा लोपीस, आमच्या आळीतला, माझ्या पणजोबांच्या वडिलांचा चुलतभाऊ. नवरी परेरा, खालच्या आळीतली. नेहमीच्या साच्यात मधेच एक वाक्य जास्तीचं आहे, आणि ते वाचायला मला फादरांची मदत लागली. दोघांना रक्तसंबंधाच्या चौथ्या पायरीची सूट मिळाली आहे, गोव्याच्या आर्चबिशपांकडून, अमुक तारखेला.

पायऱ्या मोजायची चर्चची जुनी रीत सोपी आहे. समान पूर्वजापासून खाली उतरत यायचं. सख्खी भावंडं पहिल्या पायरीवर. चुलत, मामे, आते दुसऱ्या. ज्यांचे पणजोबा एक ती तिसऱ्या. ज्यांचे खापरपणजोबा एक ती चौथ्या. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून चौथ्या पायरीपर्यंत लग्नाला बंदी होती, त्याआधी तर सातव्यापर्यंत होती. १९१७ च्या धर्मसंहितेने ती तिसऱ्यावर आणली आणि १९८३ नंतर सख्ख्या चुलत-मामे भावंडांपलीकडे हरकतच उरली नाही. पण १८५६ मध्ये चौथी पायरी ही खरी अडचण होती. त्यासाठी अर्ज गोव्याला गेला, तिथून उत्तर आलं, तेव्हा लग्न लागलं.

मी हिशेब मांडला. नवरा-नवरी १८३५ च्या आसपास जन्मलेली. चार पिढ्या मागे गेलं, पिढीला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं धरली, की आपण १७२५ च्या जवळपास पोचतो. म्हणजे ज्या जोडप्यापासून ही दोघं उतरली ते चिमाजी आप्पांच्या वेढ्याच्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचं असणार. आमच्या चर्चमध्ये त्या काळची वही नाही, चिटोरा नाही. त्या दोघांची नावंही वहीत नाहीत. पण ती होती आणि त्यांची पोरं दोन आळ्यांत वाढली, एवढं मात्र शंभरेक वर्षांनी एका पाद्र्याने, दुसऱ्याच कामासाठी, लिहून ठेवलं.

आता यातून लोपीस आणि परेरा एकाच पुरुषाचे वंशज ठरतात का? नाही. नातं बायकांकडूनही असू शकतं. नवऱ्याची आजी आणि नवरीचा आजोबा अशा कुठल्याही फांदीवरून पायरी मोजली असेल. भाऊबंद हा शब्द मात्र आळीने उगीच धरून ठेवलेला नसावा, कारण त्याला आधार देणारी आणखी एक नोंद मृत्यूच्या वहीत आहे. त्या नवऱ्याचा एक काका बाप्तिस्म्याच्या वेळी लोपीस आहे, आपल्या मुलांच्या बाप्तिस्म्यातही लोपीस आहे, आणि मेला तेव्हा परेरा. बायको तीच, गाव तेच, वय जुळतं. आधी मला वाटलं पाद्र्याच्या हातून चूक झाली. मग फादर म्हणाले, पोर्तुगीज रीतीत आडनाव बापाचंच लागलं पाहिजे असा नेम नव्हता. आईचं लागे, आजीचं लागे, एका घरातले दोन भाऊ दोन आडनावांनी जगत. आडनाव कायमचं ठोकलं गेलं ते शाळेच्या दाखल्याने आणि सरकारी कागदाने.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक शक्यता घर करून आहे. वेढ्याच्या काळातलं ते जोडपं, नवरा परेरा, बायको लोपीस. एका मुलाने बापाचं आडनाव उचललं आणि तो खाली बावखलापलीकडे राहिला, दुसऱ्याने आईचं उचललं आणि वर आला. याला पुरावा नाही. उलटंही असू शकेल, तिसरंच काही असू शकेल. पण आम्हा लोपीसांचं आडनाव लोपो नावाच्या कुणा परक्याकडून येण्याआधी एका बाईकडून आलेलं असेल, हे मला सोडवत नाही. माझ्या भावांना ही कल्पना तितकीशी आवडलेली दिसत नाही.

पुराव्याचं एक ठिकाण आहे. सूट मागायची तर अर्जासोबत नातं दाखवावं लागायचं, समान पूर्वजापासून दोन्ही बाजूंनी खाली येणाऱ्या पिढ्या, नावानिशी, झाडासारख्या मांडून. तो कागद गावातल्या पाद्र्याने इथल्या म्हाताऱ्यांना विचारून केलेला असणार आणि तो गोव्याला गेला. त्या झाडाच्या टोकाला दोन नावं असतील. उरला असेल तर तो गोव्यातच, लग्नाच्या अर्जांच्या गठ्ठ्यांत. फादरांच्या शिफारशीचं पत्र घेऊन मी तिकडे विचारणा केली आहे. तारीख हातात आहे, हे मोठं काम झालेलं असतं. नुसतं आडनाव घेऊन गेले असते तर त्यांनी नाक्यावरच्या माणसासारखं विचारलं असतं, कुठले लोपीस?

हे सगळं मी रविवारी आत्याला सांगितलं. चिमाजी आप्पा, लॅटरन, पायऱ्या, सगळं शांतपणे ऐकून तिने विचारलं, ‘म्हणजे लग्न झालं होतं?’ झालं होतं. ‘पोरं झाली?’ झाली, पाच बाप्तिस्मे वहीत आहेत. ‘घरच्यांनी कसं होऊ दिलं?’ सूट मिळाली होती, मी म्हटलं, वरून. ती जरा वेळ सुपारी कातरत बसली. मग म्हणाली, ‘यांनीही घ्यावी की मग.’

भाचा आणि ती मुलगी दुसऱ्याच दिवशी कामावरून परतताना फादरांकडे गेली. फादर म्हणाले, आता एवढ्या लांबच्या नात्याला सूट लागतच नाही, कुणाकडे मागणार? तो निरोप घेऊन भाचा आत्याकडे आला. आत्याने ऐकून घेतलं.

‘चर्चला लागत नसेल,’ ती म्हणाली, ‘मला लागते.’

आता तिला अर्ज हवा आहे. मराठीत, दोघांच्या सह्यांनिशी, पिढ्या नीट मांडलेल्या. लोपीसांची बाजू मी लिहून दिली आहे. परेऱ्यांच्या बाजूच्या तीन पिढ्या भरायच्या राहिल्यात, त्यासाठी ती मुलगी येत्या शनिवारी माझ्याबरोबर कपाटापाशी बसणार आहे. तिला पोर्तुगीज येत नाही. दहा परिच्छेद वाचेपर्यंत येईल.